सतरा नंबरचा कोपरा

"पुढचं नाव काय म्हणालात?"

टोमॅटोच्या दोन रांगांच्या मधे उभं राहून डॉक्टरकाकांनी विचारलं. हातात लेमोनेडचा ग्लास. मी नाव सांगितलं होतं, पण ते त्यांना पुरलं नव्हतं. मग आडनाव सांगितलं.

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी जागच्या जागी बसलं. ते हसले. वाईट हसले असते तर बरं झालं असतं. चांगलं हसले. मायेनं.

"अच्छा, अच्छा. म्हणजे मातीचं काम तुम्हाला काही नवीन नाही."

त्या ग्रीनहाऊसमध्ये माती नव्हती. चमचाभरसुद्धा नाही. टोमॅटो नारळाच्या भुशाच्या पिशव्यांत उभे होते, त्यांना नळीतून खतपाणी मिळत होतं. हे मला सांगता आलं असतं. मी सांगायच्या आधी सर बोलले. सर म्हणजे माझे गाइड.

"अहो, हिला सेन्सर लागतच नाहीत. नुसता हात लावून सांगते, कुठे दमट आहे ते. पिढ्यांचं असतं ना. आपल्याला नाही जमणार."

पाहुणे हसले. निवृत्त डॉक्टर, निवृत्त इंजिनियर, त्यांच्या बायका. सगळे आपले. आमचा प्रकल्प उभा राहावा म्हणून इथल्या मराठी मंडळात शब्द टाकणारे.

मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच.

त्यांच्या मागे पडद्यावर एक रंगीत नकाशा होता. ग्रीनहाऊसमध्ये कुठे किती ओल, कुठे किती ऊब. तो नकाशा करायला मला दोन वर्षं लागली होती. खाली नाव सरांचं.

"जरा प्लेट्स उचलतेस का गं? मंडळी निघतील आता."

मी उचलल्या. ढोकळ्याच्या, चटणी माखलेल्या, कागदी. माझ्याबरोबर अजून एकच बाई प्लेट्स उचलत होती. रोसा. ग्वाटेमालाची. ग्रीनहाऊसमध्ये वेली बांधायची, पानं छाटायची, ट्रे धुवायची. मला ती 'डॉक्टोरा' म्हणायची. डिग्री यायची होती, पण तिनं आधीच देऊन टाकली होती.

"ते चित्र तुझं ना, डॉक्टोरा?" तिनं तिच्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. माझंही मोडकंच, म्हणून आमचं छान जमायचं.

"हो."

"मग इथे काय करतेस?"

"प्लेट्सचं हवामान बघतेय."

ती हसली नाही. माझ्या विनोदाला न हसणारी ती या देशातली पहिली बाई.

---

पीएचडी मी एकेचाळिसाव्या वर्षी सुरू केली. या वयात बायका गुडघे दाखवून येतात, मी ॲडमिशनला गेले. नवऱ्याच्या नोकरीमुळे या लहानशा युनिव्हर्सिटीच्या गावात आलो. इथून भारतीय दुकानांसाठी आयसेलिनला जायचं तर सहा तास ड्राइव्ह. तिथून डाळी, पोहे, मसाले वर्षाचे भरून आणायचे. लेकीचा अभ्यास आणि माझा अभ्यास एकाच डायनिंग टेबलावर. तिला ए मिळायचा. मला 'येऊन भेट' असा शेरा.

काम काय, ते सोपं करून सांगते. बाहेरून ग्रीनहाऊस एक दिसतं. आत दहा-वीस हवामानं असतात. दाराजवळचं वेगळं, पंख्याखालचं वेगळं, भिंतीलगतचं वेगळं. झाडाच्या माथ्यावर कोरडं, पोटात दमट. पण बहुतेक ग्रीनहाऊसमध्ये बरोब्बर मधोमध एकच सेन्सर टांगलेला असतो. तो सांगेल तेव्हा खिडक्या उघडतात, तो सांगेल तेव्हा हीटर चालतो. त्याला ठीक वाटलं की सगळ्यांना ठीक आहे असं धरतात.

मी आमच्या ग्रीनहाऊसमध्ये चाळीस सेन्सर टांगले. पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्या, आत चिमुकला पंखा, पानांच्या उंचीवर. झाडं वाढली की डब्या वर सरकवायच्या. शिडीवर चढून. गुडघ्यांचं वर सांगितलंच आहे.

सर पुण्याचे. तीस वर्षं इथे. ते चांगले होते, हे लिहिलंच पाहिजे. माझं वय बघून दोघांनी नकार दिला होता, सरांनी घेतलं. दिवाळीला घरी बोलावलं. मॅडमनी चकल्यांचा डबा बरोबर दिला. आणि सरांना एक सवय होती. चारचौघांत वाक्य इंग्रजीत सुरू करायचे, मधेच माझ्याकडे वळायचे आणि मराठीत बोलायचे. मीटिंगमध्ये, लिफ्टमध्ये, बाकीचे समोर उभे असताना. "हा मॅनेजर एक नंबरचा आळशी आहे बघ." "या पोरीला काही येत नाही." ग्रीनहाऊसचा मॅनेजर समोर हसत उभा असायचा.

मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? परक्या देशात कोणीतरी आपल्या भाषेत कानाशी बोलतंय. दार लावून आतल्या खोलीत घेतल्यासारखं वाटायचं. त्या खोलीत मला कुठे बसवलंय, ते मी पाहिलं नाही.

---

सतरा नंबरचा सेन्सर उत्तरेच्या कोपऱ्यात होता. धुण्याच्या सिंकच्या मागे. रोसा सकाळी तिथेच असायची, गुणगुणत ट्रे धुवायची.

सतरा रोज पहाटेपासून शंभर टक्क्यांच्या जवळ आर्द्रता दाखवायचा. तासन् तास. म्हणजे पानांवर पाणी साचत होतं. मधला सेन्सर म्हणत होता, सगळं छान.

सर म्हणाले, "सतरा बिघडलाय."

मी सेन्सर बदलला. तेच. दुसरा बदलला. तेच. मग मी घरची लोणच्याची बरणी नेली. हसू नका, ही खरी पद्धत आहे. बंद बरणीत ओलं मीठ ठेवलं की आतली हवा पंचाहत्तरवर येऊन थांबते, इकडची तिकडे होत नाही. सेन्सर आत ठेवायचा, पंचाहत्तर दाखवतो का बघायचं. लॅबमध्ये यासाठी वेगळं भांडं असतं. ते कोणीतरी नेलं होतं. मी मोहरीचा वास येणारी बरणी घेऊन गेले.

सतरानं पंचाहत्तर दाखवलं. सतरा ठणठणीत होता.

सरांना सांगितलं.

"अगं, कोपरा आहे तो. ग्रीनहाऊसची परीक्षा कोणी सगळ्यांत वाईट कोपऱ्यावरून करतं का? त्या एकामुळे सगळा आलेख बिघडतोय. पेपर क्लीन पाहिजे. काढून टाक."

"पण सर, तो बरोबर..."

"तुला डिग्री हवी आहे ना?"

मी काढून टाकला. नकाशा लगेच सुंदर झाला. कॉम्प्युटरनं आजूबाजूचे आकडे घेऊन तो कोपरा हिरवा रंगवून टाकला. पेपरमध्ये मी स्वतः, माझ्या बोटांनी लिहिलं: 'सेन्सरमधील बिघाडामुळे एक नोंद वगळली आहे.'

पाहुण्यांना दाखवला तो हाच नकाशा.

---

पाहुणे येऊन गेल्यावर तीन आठवड्यांत सतराच्या कोपऱ्यात बुरशी आली. करडी, मऊ. खोडावर उंदराच्या कातड्यासारखी. हात लागला की धुरासारखी उडायची. आधी चार झाडं. मग रांग. मग शेजारची रांग.

मीटिंग झाली. सर, मॅनेजर, मी आणि रोसा. आम्ही तिघं बसलेले, ती उभी. खुर्ची होती. तिला कोणी बस म्हटलं नाही. मीही नाही.

मॅनेजर म्हणाला, बुरशी कात्रीवरून पसरते. प्रत्येक झाडानंतर कात्री औषधाच्या पाण्यात बुडवायची असते. बुडवत होतीस का?

"प्रत्येक झाडानंतर," रोसा म्हणाली. "प्रत्येक."

मला माहीत होतं. त्या औषधानं तिच्या बोटांची सालं निघालेली मी पाहिली होती. मीच तिला घरून खोबरेल तेल आणून दिलं होतं. बुरशी आली होती ती पहाटेच्या ओल्या पानांमुळे, हेही मला माहीत होतं. त्या खोलीत हे माहीत असलेली मी एकटी. म्हणजे मी आणि सर.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं.

सर माझ्याकडे वळले आणि शांतपणे, मराठीत म्हणाले, "तू मधे पडू नकोस. ही माणसं अशीच असतात. स्वच्छता यांच्या रक्तात नाही."

मग थांबले. बहुतेक माझा चेहरा पाहिला असेल.

"तुझं वेगळं आहे गं. तू शिकलीस."

रोसानं माझ्याकडे पाहिलं. आवाजावरून माणसाला कळतं.

"काय म्हणाले ते?"

"नथिंग," मी म्हणाले.

पुढच्या सोमवारी रोसा आली नाही. तिला कामावरून काढलं होतं.

---

आता यात मोठं काय झालं, असं विचारणारे भेटतात. एक बाई गेली, दुसरी आली. टोमॅटो उपटून पुन्हा लावले.

मला काय झालं ते सांगते. सिंकपाशी गेलं की गुणगुणणं ऐकू यायचं. नवी बाई कानात इयरफोन घालून काम करायची, तरी यायचं. दुकानात टोमॅटो घेताना मी देठ चाचपायचे, बोटाला काही करडं लागतंय का. घरी पाहुण्यांत बोलता बोलता मधेच माझाच आवाज म्हणायचा, नथिंग. लेक विचारायची, "व्हॉट हॅपन्ड, आई?" पुन्हा तेच उत्तर ओठांवर.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवसाचा व्हिडिओ आहे. कोणा काकूंनी काढलेला. त्यात डॉक्टरकाकांचं वाक्य नीट ऐकू येत नाही. माझं हसू ऐकू येतं. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल, सांगायची लाज वाटते.

आणि बाबा आठवायचे. माझे बाबा कृषी महाविद्यालयाच्या काचघरात रोजंदारीवर पाणी घालायचे. रोपाला हात न लावता, नुसता गाल जवळ नेऊन सांगायचे, आज पाणी नको. मला त्यांनीच शिकवलं. पिढ्यांचं नाही, रक्तातलं नाही. एका माणसानं एका पोरीला शिकवलं, एवढंच. एका वर्षी तिथली रोपं कुजली. कोणीतरी म्हणालं, "याचा हात लागला." कोणाला तरी हसू आलं. बाबांनी घरी येऊन हात धुतले. पुन्हा धुतले. आई म्हणाली, "आता कातडी काढता का?" आम्ही पोरं हसलो. तेव्हाही मी हसले होते बघा. माझं हसण्याचं टायमिंग जन्मापासून चुकलेलं.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भला माणूस, भाजी चिरता चिरता म्हणाला, "डिग्री घे आधी. मग काय बोलायचं ते बोल. मग ऐकतील तरी."

शहाणपणाचंच होतं. मी मान हलवली.

कमिटीसमोरचं प्रेझेंटेशन आठवड्यावर आलं. लेकीला समोर बसवून सराव करत होते. ती चौदा वर्षांची. आईचं इंग्रजी सुधारायचं काम तिच्याकडे स्वखुशीनं. नकाशा आला. तिनं ठिपके मोजले.

"इथे डॉट का नाहीये?"

"सेन्सर बिघडला होता."

"मग तुला कसं माहीत की इथे ग्रीन आहे?"

"आजूबाजूच्यांवरून कॉम्प्युटर काढतो."

"बट नोबडी आस्क्ड दॅट कॉर्नर." मग माझ्याकडे बघून, जरा हळू: "आई, वॉज इट रियली ब्रोकन?"

नथिंग म्हणता आलं नाही. मी स्लाइड बंद केली. मग पुन्हा उघडली. तिच्यासमोरच सतरा परत टाकला. हिरवा कोपरा गर्द लाल झाला.

"वॉव," लेक म्हणाली.

---

कमिटीत चौघं. सर, अजून दोन प्रोफेसर, आणि प्रमुख म्हणून एक वयस्कर बाई. मी लाल नकाशा लावला.

मी म्हणाले, हा सेन्सर बिघडलेला नव्हता. मी तो तपासला होता, मिठाच्या बरणीत. बिघडलाय हे मी लिहिलं, ते खोटं आहे. मी ते जाणून लिहिलं. बुरशी या कोपऱ्यातल्या ओलीमुळे आली, कात्रीमुळे नाही. या बुरशीसाठी एका बाईला कामावरून काढलं. तिचा दोष नव्हता. हे आकडे बाहेर आले असते तर तिचं काम गेलं नसतं.

इंग्रजीचं व्याकरण केव्हाच खिडकीतून गेलं होतं.

सर खुर्चीत पुढे झुकले. हळू आवाजात, मराठीत म्हणाले, "हे आपण आपल्यात बोलू. यांच्यासमोर तमाशा नको."

प्रमुख बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तोच प्रश्न. "काय म्हणाले ते?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द, इंग्रजीत. मग म्हणाले, त्या मीटिंगमध्ये ते मराठीत जे म्हणाले, तेही सांगते. तिथे मराठी कळणारी मी एकटी होते. आणि सांगितलं. ही माणसं अशीच असतात. स्वच्छता यांच्या रक्तात नाही. तुझं वेगळं आहे, तू शिकलीस.

'ही माणसं' म्हणजे कोण, असं एका प्रोफेसरनं विचारलं.

"त्या दिवशी रोसा," मी म्हणाले. "आमच्याकडे मी."

सरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला वाटलं होतं, छातीवरचं काहीतरी उतरेल. उतरलं नाही. फक्त खोलीचं दार उघडलं आणि सगळा गारठा आत आला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये सर म्हणाले, "मी तुला घरच्यासारखं वागवलं."

"हो सर," मी म्हणाले. "म्हणूनच प्लेट्स उचलल्या मी."

---

रोसाला शोधायला वेळ लागला. ती आता एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरी धुते. पार्किंगमध्ये तिची सुटी व्हायची वाट पाहत उभी राहिले. ती आली. मी सगळं सांगितलं. सतराचं, मीटिंगचं, आणि त्या दिवशी सर काय म्हणाले तेही. शेवटी तिला उत्तर दिलं, तीन महिने उशिरा.

तिनं ऐकून घेतलं. बोटांची सालं आता नव्हती. म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. मी तुला विचारलं, कारण तू सांगतेस का बघायचं होतं."

मी सॉरी म्हणाले. तिनं मान हलवली, ती हो होती की नाही ते मला कळलं नाही. डॉक्टोरा म्हणाली नाही. तिची बस आली, ती गेली.

मी डिपार्टमेंटला पत्र लिहिलं. काय खोडलं, कोणी खोडायला सांगितलं, कोण गप्प बसलं. गप्प बसणारी मी, हेही. रोसाला विनाकारण काढलं, हे तिच्या नोकरीच्या कागदांवर दुरुस्त करा. एवढीच मागणी.

काल प्रमुख बाईंनी बोलावलं. त्या वाईट नाहीत. चहा विचारला. म्हणाल्या, मार्ग निघू शकतो. दुसरा गाइड देऊ. सतराचे आकडे प्रबंधाच्या शेवटी, परिशिष्टात टाक. पत्र मात्र मागे घे, ते प्रकरण संशोधनाचं नाही, मनुष्यबळाचं आहे, त्यानं सगळं लांबतं. असं केलंस तर वसंतात तुझी डिग्री. शुक्रवारपर्यंत कळव.

घरी आले. नवऱ्यानं विचारलं, "काय म्हणाल्या?" मी सगळं सांगितलं, काही न गाळता. "चार वर्षं घातलीस गं," एवढंच म्हणाला. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. चार वर्षं. दोनशे वेळा शिडी. मला डिग्री नको असं नाही. मला ती फार हवी आहे. बाबांना दाखवायला ते नाहीत, तरी हवी आहे. डिग्रीचा झगा अंगावर घालून, टोपी वाकडी करून, लेकीबरोबर फोटो काढायचाय. हे सगळं मला माहीत होतं आणि मी उत्तर लिहायला बसले.

शुक्रवारची वाट पाहिली नाही.

लिहिलं: सतरा परिशिष्टात जाणार नाही. तो पहिल्या प्रकरणात असेल, आणि तो मी का काढला होता, ते त्याच्या खालीच असेल, माझ्या नावानं. पत्र मी मागे घेत नाही. रोसाचे कागद दुरुस्त होईपर्यंत मी दर सोमवारी विचारायला येईन. हवं तर डिग्री देऊ नका. मी येत राहीन.

एकदा वाचलं. विनोद कुठे आला नाही ना, ते पाहिलं. पाठवून दिलं.